हेडलाइटच्या रिकॉलसाठी मजुरी द्यावी का?

प्रश्न : माझ्या साडेपाच वर्षांच्या गाडीचे हेडलाइट बदलून घेण्याबाबत कंपनीचे पत्र आले आहे, मात्र वॉरंटी संपल्याचे सांगून सर्व्हिस सेंटर मजुरी मागत आहे. ती द्यावी का?

उत्तर : मुळीच देऊ नये. रिकॉलचा, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करण्यासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावण्याचा, वॉरंटीशी संबंध नसतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांपर्यंतची वाहने येतात आणि दुरुस्तीचा खर्च उत्पादकानेच सोसायचा असतो. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) ‘रिकॉल’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

दुसरे उत्तर : माझे दिवे विनामूल्य बदलले, पण झोत इतका वर राहिला की समोरचे वाहनचालक सारखे डिपर देत होते, म्हणून गाडी भिंतीसमोर उभी करून झोताची उंची तपासल्याशिवाय ताब्यात घेऊ नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्या पत्र घेऊनच जातो.