लेयर वन 'डीअ‍ॅक्टिव्हेटेड' म्हणजे लाइन मेली असं नव्हे

खानापूरच्या पतसंस्थेतली आयएसडीएन लाइन (आवाज आणि डेटा दोन्ही नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) राउटरवर सारखी इनॅक्टिव्ह दिसते, राउटर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. थांबा, एवढ्यात खर्चात पडू नका.

बेसिक रेट, म्हणजे आयएसडीएनच्या छोट्या प्रकारच्या लाइनवर कॉल नसला की एक्स्चेंज लेयर वन, म्हणजे तारेवरचा प्रत्यक्ष सिग्नल, झोपवू शकतं, आणि ते नियमाला धरूनच आहे. म्हणून आधी मुख्य शाखेला कॉल लावा आणि तो चालू असताना राउटरवर 'शो आयएसडीएन स्टेटस' ही कमांड देऊन बघा. लेयर वन 'अ‍ॅक्टिव्ह', लेयर टू (त्या सिग्नलवरची राउटर आणि एक्स्चेंजमधली जोडणी) 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड' आलं तर लाइन ठणठणीत आहे. दोन मिनिटांत कॉल सुटत असेल तर राउटरच्या डायलरचा आयडल टाइमआउट (कॉलवर काही जात नसेल तर किती वेळाने तो तोडायचा ती मर्यादा) बघा. सिस्कोवर तो मुळातच 120 सेकंदांचा असतो.

कॉल लावूनही लेयर वन उठत नाही? मग वायरिंगच धरा. एनटी-वनला (बाहेरून येणारी टेलिफोनची तार जिथे जोडली जाते त्या डबीला) वीज आहे ना, तिथून राउटरपर्यंतची केबल सरळ आहे ना, 3 ते 6 या चारही पिना लागतात ना, हे तपासा. आणि तुमच्याकडचा पाऊस! जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तांब्याला हिरवा थर चढतो. लाइनमनला तो जॉइंट कापून नव्याने करायला लावा, नुसता पुसून भागत नाही.

लेयर टूच अडकत असेल तर आधी राउटरवरची स्विच टाइप (एक्स्चेंजचा प्रकार सांगणारी) सेटिंग 'बेसिक-नेट3' आहे का बघा, मग लेयर टूची देवाणघेवाण दाखवणारी 'डीबग आयएसडीएन क्यू921' कमांड लावा. राउटर टीईआय (एक्स्चेंजने द्यायचा ओळख क्रमांक) मागतोय आणि उत्तरच येत नाही असं दिसलं, तर ते आउटपुट छापून थेट एक्स्चेंजमध्ये न्या.