मर्टेसॅकरला 'फुकटा' म्हणणाऱ्यांसाठी

ऑफसाइडकाका

बायर्नबुवांनी परवा २०१४ चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकलेल्या जर्मन टीमवर '२०१४ चे पाच फुकटे विश्वविजेते' अशी यादी टाकली. एक नंबरला आर्सेनलचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पेर मर्टेसॅकर. कारणं काय, तर साडेसहा फुटी विजेचा खांब, वळेपर्यंत समोरचा गोल करून परत येतो. उपांत्यपूर्व फेरीत कोच लोवने बाहेर बसवला. फायनलला १२० व्या मिनिटाला आत येऊन मेडल घेऊन गेला. आणि निवृत्तीच्या तोंडावर 'मला मॅचआधी उमासे यायचे' म्हणून गळा काढला. खाली सगळे हहपुवा (हसून हसून पुरेवाट). प्रतिसाद लिहायला घेतला तो हातभर झाला, म्हणून वेगळा धागा.

बुवा, १०४ आंतरराष्ट्रीय सामने वशिल्याने होत नाहीत. तेव्हाचा कोच क्लिन्समनने ऑक्टोबर २००४ मध्ये त्याला तेहरानला इराणविरुद्ध उतरवला तेव्हा पोरगा वीस वर्षांचा. हानोफर क्लबकडून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये, पहिली मॅच खेळून वर्षही झालं नव्हतं. पुढे २००६, २००८, २०१०, तिन्ही स्पर्धांत जर्मनी शेवटच्या चारात आणि तिन्हीत स्टॉपर हाच. लाम, श्वाइनश्टायगर, पोडोल्स्की म्हणजे 'सोनेरी पिढी', आणि त्यांच्या मागे उभा होता तो फुकटा?

हळू होता, मान्य. त्यालाही मान्य होतं. आर्सेनलच्या २०१३-१४ च्या मॅच काढा आणि चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. समोरच्या मिडफिल्डरने पास द्यायला मान वर केली की हा दोन पावलं मागे सरकलेला असतो, हात जोडीदार स्टॉपर कॉसिएल्नीकडे, 'तू जा'. कॉसिएल्नी पुढे जाऊन भिडतो, टाळ्या त्याला. तो चुकला तर मागे हा उभाच. शर्ट ओढणं नाही, उगाच घसरणं नाही, पिवळं कार्ड क्वचित. हायलाइट्समध्ये येत नाही, कारण तिथे काही घडतच नाही.

आणि २०१७ ची एफए कप फायनल. गुडघ्यामुळे जवळजवळ अख्खा सीझन बाहेर, लीगच्या शेवटच्या दिवशी बदली म्हणून थोडा वेळ, आणि सहा दिवसांनी वेम्बलीवर थेट पहिल्या मिनिटापासून. कॉसिएल्नी निलंबित, गॅब्रिएल जखमी, मुस्ताफीच्या डोक्याला मार. समोर नुकतीच लीग जिंकलेली चेल्सी, कोस्टा आणि हॅझार्ड. बाजूला २१ वर्षांचा होल्डिंग. २-१ जिंकले. त्या दिवशी मैदानावरचा सगळ्यात भारी बचावपटू कोण होता, ते चेल्सीवाल्यांनाच विचारा.

बायर्नबुवा

काका, माझ्यासाठी खास धागा! धन्य झालो.

एका फायनलवर किती दिवस जगणार? प्रश्न २०१४ चा आहे. शेवटच्या सोळातली अल्जीरियाची मॅच आपण सगळ्यांनी रात्री दीडला उठून पाहिली. बचावफळी पुढे, मागे मोकळं रान, आणि गोलकीपर न्यूअर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर धावत येऊन एकामागून एक चेंडू साफ करतोय. तुमचे 'दोन पावलं आधी सरकलेले' साहेब तेव्हा कुठे होते? त्या रात्री न्यूअर नसता तर जर्मनी घरी.

मग लोवला अक्कल आली. फ्रान्ससमोर मर्टेसॅकर बाहेर, लाम परत उजवीकडे, मध्ये बोआटेंग आणि हुमेल्स. निकाल १-०, गोल हुमेल्सचा, हेडर. पुढचा सामना ब्राझीलविरुद्ध ७-१. हा बसला आणि कप आला. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी देऊ शकत नाही.

ऑफसाइडकाका

अर्धी मॅच सांगायची सवय जुनीच तुमची. अल्जीरियाला हुमेल्स तापाने आजारी होता. उजवीकडे मुस्ताफी, डावीकडे ह्योवेडेस, म्हणजे चारही स्टॉपर! विंगवर कोणी नाही. लामला मिडफिल्डमध्ये घालायचा हट्ट लोवचा, फळी पुढे ढकलायचा हुकूम लोवचा, आणि शिव्या मर्टेसॅकरला. मुस्ताफी जखमी झाला म्हणून लाम मागे आला, आणि तेव्हाच लोवला उजेड पडला. अक्कल आली म्हणता ती दुसऱ्याच्या मांडीच्या स्नायूतून आली.

आणि ७-१ ला दुसरा अर्धा भाग कोण खेळला? हुमेल्सच्या जागी हाच आला.

बायर्नबुवा

५-० असताना आला हो. मीही आलो असतो.

तोफखाना

मी आर्सेनलवाला, तरी बुवांच्या बाजूने. काकांनी २०१३-१४ काढलंच आहे तर पूर्ण काढू. सिटीकडून ६-३. लिव्हरपूलकडून ५-१. चेल्सीकडून ६-०, तेही आपल्या कोच वेंगरच्या हजाराव्या सामन्याला. तिन्हीत तुमचे हात दाखवणारे साहेब होते. वेगवान टीमने पहिल्या पंधरा मिनिटांत मागे चेंडू टाकला की खेळ खल्लास. मी तेव्हा ऑफिसातल्या युनायटेडवाल्यांकडून जे ऐकून घेतलंय ते इथे लिहिता येणार नाही.

एक मात्र आहे. सिटीने ६ मारल्यावर आपलाच ओझिल प्रेक्षकांना अभिवादन न करता आत निघाला, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत झापला तो यानेच. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. डिफेंडर म्हणून भरपूर.

ऑफसाइडकाका

त्याच सीझनला आर्सेनलचा गोलकीपर श्चेस्नीने १६ क्लीन शीट ठेवल्या, म्हणजे १६ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि चेल्सीच्या चेकबरोबर गोलकीपरचा गोल्डन ग्लव्ह वाटून घेतला. त्या १६ वेळा समोर कोण उभं होतं ते तुम्हाला आठवत नाही, कारण ऑफिसात तेव्हा कोणी टोमणे मारले नाहीत.

तोफखाना

आकडे तुम्ही दिले की पुरावा, मी दिले की टोमणा. बरं.

खवचट पंच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी होणार का?

(जाता जाता: मराठीत फुटबॉलचं धड समालोचन का नाही, यावर कोणी धागा काढेल का? एका वाहिनीवर ऐकलं तर दर दोन मिनिटांनी 'काय तो चेंडू!' असो.)

उगाचच

खेळ बाजूला ठेवा. मला त्या मुलाखतीचा राग आहे. २०१८ च्या मार्चमध्ये 'डेर श्पीगल'ला सांगतो की मॅचच्या दिवशी सकाळपासून पोट बिघडायचं, किक-ऑफच्या आधी उमासे यायचे, शेवटी शेवटी तर बाकावर किंवा स्टँडमध्ये बसलेलं बरं वाटायचं. पंधरा वर्षं, कोट्यवधी युरो, आणि मग हे. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. रात्रपाळीला एकटीवर चार पेशंट आले की माझ्याही पोटात गोळा येतो. माझी मुलाखत कोण घेणार? जमत नव्हतं तर सोडायचं होतं.

हानोफरकर

ताई, तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल पूर्ण आदर. पण तुम्ही बोलू नका असं कोणी म्हटलं का? तुम्ही बोललात तर मी पहिला लाइक देईन. 'मला बोलता येत नाही म्हणून त्यानेही गप्प बसावं', हा कुठला न्याय?

मी इथे हानोफरजवळ राहतो. तो इथल्याच पाटेन्सनचा, बाप तिथल्याच क्लबात ट्रेनर. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी त्याने नागरी सेवा केली, तीही मनोरुग्णांच्या संस्थेत. म्हणजे शनिवारी बुंडेसलिगा आणि आठवड्यात तिथलं काम. आणि हानोफरला त्याचा गोलकीपर कोण होता? रोबेर्ट एन्के. नोव्हेंबर २००९ मध्ये नैराश्यातून एन्केने आयुष्य संपवलं, तोपर्यंत बाहेर कोणालाही पत्ता नव्हता. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं, नैराश्याशी झगडलेला जर्मन मिडफिल्डर डाइसलर २७ व्या वर्षी फुटबॉल सोडून गेला. हे सगळं जवळून पाहिलेला माणूस बोलला, तर त्याला 'गळा काढला' म्हणायचं?

मुलाखतीत एक गोष्ट आहे ती वाचून मी थांबलो होतो. किक-ऑफच्या आधी काही सेकंद, सगळे आपापल्या जागी उभे, कॅमेरे चेहऱ्यांवर. हा मान बाजूला वळवायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत उमासा द्यायचा, कोणाला दिसू नये म्हणून. मग शिट्टी, आणि नव्वद मिनिटं डोकं शांत.

उगाचच

आणि २००६ ला इटलीकडून सेमीफायनल हरल्यावर 'सुटलो एकदाचा' असं वाटलं म्हणे. घरचा वर्ल्ड कप, देश रडतोय, आणि हे सुटले! हेही कौतुकाचंच का?

हानोफरकर

२१ वर्षांचा होता हो! तुम्ही २१ व्या वर्षी काय करत होतात? मी पुण्यात एटीकेटीच्या निकालाची वाट बघत होतो आणि पेपर पुढे ढकलला की मलाही सुटल्यासारखं वाटायचं.

बायर्नबुवा

मुलाखतीवर लोथार माथेउस जे बोलला तेच माझं म्हणणं. असा विचार करणारा माणूस मुलांच्या अकादमीत काय शिकवणार? दबाव नको असेल तर व्यावसायिक खेळात येऊ नये. माथेउस १५० सामने खेळलाय, कप्तान म्हणून कप उचललाय. त्याला बोलायचा हक्क आहे.

पेठेतला

माथेउस? दबावावर माथेउस बोलतोय? बुवा, आता नाद करू नका.

१९९०, रोमची फायनल, ८५ वं मिनिट, ०-० आणि पेनल्टी. कप्तान कोण? माथेउस. मारली कोणी? आंद्रेआस ब्रेमे, लेफ्ट बॅक. कप्तानसाहेबांचा बूट म्हणे पहिल्या हाफमध्ये फाटला, नवीन बुटात बरं वाटेना. एका डिफेंडरने पुढे येऊन उजव्या पायाने कोपऱ्यात घातली आणि कप आणला. आणि हाच माणूस मर्टेसॅकरला सांगणार की दबाव कसा झेलावा!

बायर्नबुवा

बूट खरंच फाटला होता. त्याच स्पर्धेत क्वार्टर फायनलला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेनल्टी त्यानेच मारली, इंग्लंडविरुद्धच्या शूटआउटमध्येही मारली. घाबरणारा मारतो का? शंभर टक्के खात्री नसताना दुसऱ्याला देणं ही कप्तानाची अक्कल.

पेठेतला

म्हणजे माथेउसने 'मला आज बरं वाटत नाही' म्हटलं तर अक्कल, आणि मर्टेसॅकरने म्हटलं तर रडगाणं. आता कळलं.

बायर्नबुवा

मर्टेसॅकर बारा वर्षांनी म्हणाला! वेळेवर म्हणाला असता तर अक्कलच म्हटलं असतं.

हानोफरकर

वेळेवर म्हणाला असता तर तुमच्यासारख्यांनी दुसऱ्या दिवशी बाहेर काढला असता. म्हणूनच नाही म्हणाला.

पेठेतला

आमच्या कोल्हापुरात या, म्हणजे दबाव कळेल. शाहू स्टेडियम, दोन पेठांची मॅच, बसायला जागा नाही. मी स्टॉपर. सकाळपासून पाणीसुद्धा खाली जायचं नाही. एकदा बसच्या मागे जाऊन ओकलो आणि नेमकं आमच्या कोचनं बघितलं. टीमसमोर हसला, 'ह्येला आईकडं सोडून या.' त्या दिवशी खेळलो, बरा खेळलो, पण पुढच्या सीझनला किट काढलंच नाही. कोणाला कारण सांगितलं नाही, गुडघा म्हणालो. मर्टेसॅकरची मुलाखत मोबाइलवर वाचली तेव्हा बसमध्ये होतो, उतरायचा स्टॉप गेला. तुम्ही खुशाल 'फुकटा' म्हणा. मी नाही म्हणणार.

उगाचच

पेठेतला, तुमच्या कोचला दोन शब्द मीच सुनावले असते. पण तुम्हाला त्याचे कोट्यवधी मिळाले नाहीत ना? माझा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो मी सोडत नाही.

तोफखाना

अकादमीवरून आठवलं. २०१८ पासून काही वर्षं हा माणूस आर्सेनलची अकादमी चालवत होता. माथेउस म्हणाला 'काय शिकवणार'. तर एथन न्वानेरी १५ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरला, माइल्स लुइस-स्केली इंग्लंडकडून खेळला. साकाचं श्रेय मी देणार नाही, तो आधीपासूनच तयार होत होता, पदार्पण नोव्हेंबर २०१८ मध्येच. पण बाकीची पोरं याच्या काळातली. आता डिफेंडर म्हणून भरपूर नावं ठेवीन, पण इथे बुवा तुम्ही आणि माथेउस दोघेही साफ आपटलात.

बायर्नबुवा

दोन पोरं वर आली की अकादमीप्रमुख महान? २०२३ च्या यूथ कप फायनलला वेस्ट हॅमने ५-१ धुतलं, ते कोणाच्या खात्यात?

तोफखाना

अकादमीचं काम कप जिंकणं नसतं, पोरं वर पाठवणं असतं. बायर्नवाल्याला तयार खेळाडू विकत घ्यायची सवय, त्याला काय कळणार.

बायर्नबुवा

लाम, श्वाइनश्टायगर, म्युलर बाजारातून आणले होते का? तोंड सांभाळून!

खवचट पंच

दोघांना पिवळं. पुढच्याला लाल.

ऑफसाइडकाका

मूळ मुद्दा हरवला तरी एक राहिलं. अल्जीरियाच्या मॅचनंतर रिपोर्टरने 'खेळ इतका रटाळ का' विचारलं, तेव्हा हाच घामाने निथळत उभा राहून म्हणाला की शेवटच्या सोळात काय जत्रेतली मंडळी येतात असं वाटतं का, आम्ही जिंकलोय, आता मी तीन दिवस बर्फाच्या पिंपात पडणार आहे, मग बघू. त्या स्पर्धेत जर्मनीच्या वतीने एवढं सरळ दुसरं कोणी बोललं नाही. पुढच्याच सामन्यात बाकावर गेला. तोंड वाकडं केलं नाही, मुलाखती दिल्या नाहीत, आणि कप घेऊन महिन्याभरात आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. २०१२ च्या युरोतही एक मिनिट न खेळवता बसवला होता, तेव्हाही चकार शब्द नाही. फुकटे असे वागत नाहीत, बुवा.

बायर्नबुवा

ठीक. यादीत त्याला पहिल्यावरून चौथ्यावर नेतो. माणूस सभ्य होता म्हणून तीन जागांची सूट. वेगासाठी शून्य मार्क कायम. पहिल्यावर ग्रॉसक्रॉइट्स, एक मिनिटही न खेळता मेडल. आता समाधान?

ऑफसाइडकाका

एक मिनिट न खेळलेला खाली होता आणि सात सामन्यांपैकी सहांत उतरलेला वर? म्हणजे यादी करताना आकडे बघितलेच नव्हते. चौथा क्रमांकही काढा, मग बोलू.

बायर्नबुवा

शेवटच्या मिनिटाला ओझिलच्या जागी येणं म्हणजे 'उतरलेला'? धन्य.

हानोफरकर

बुवा, त्या माथेउसच्या बुटावर अजून उत्तर आलं नाही. फाटला पहिल्या हाफमध्ये, पेनल्टी ८५ व्या मिनिटाला. अख्खा दुसरा हाफ त्याच नव्या बुटांत पळत होता ना?

बायर्नबुवा

पळणं वेगळं, पेनल्टी वेगळी. तुम्ही कधी मापाबाहेरच्या बुटात चेंडू मारलाय का?

पेठेतला

मी मारलाय. पूर्ण सीझन थोरल्या भावाच्या बुटात खेळलो, पुढं कापूस कोंबून. दोन पेनल्ट्या मारल्या, दोन्ही आत. बोला.