मदत हवी आहे: डीयूपीने काल करार पाडला, आज सरकार वाचवलं. हे वर्गात कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. सध्या वर्गात ब्रिटनची संसद हा विषय चालू आहे आणि २०१७ ते २०१९ या काळाशी येऊन अडकले आहे. इथले बरेच जण तिकडे राहतात, राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तिथे मतदानही करतात, म्हणून इथेच विचारते.

तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रेक्झिटच्या (ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) वाटाघाटींत हात बळकट व्हावेत म्हणून मुदतीच्या तीन वर्षं आधी निवडणूक घेतली. ८ जून २०१७ च्या मतदानात होतं ते बहुमतही गेलं. ६५० पैकी हुजूर पक्ष ३१७, मजूर पक्ष २६२. मग उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी) या पक्षाच्या १० खासदारांनी बाहेरून पाठिंबा दिला. २६ जूनला लेखी समझोता झाला आणि उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंड जादा मिळाले. इथपर्यंत मुलांना नीट कळलं.

पुढे गाडी अडली. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. विरोधात डीयूपीचे दहाही होते. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ ने तरलं, तेही डीयूपीच्या जोरावर. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत वजाबाकी करून दाखवली: हे दहा तिकडे गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६. म्हणाली, "मॅडम, यांना हवं तरी काय होतं?" मला धड उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

दुसरी शंका: करारावर खुद्द हुजूर पक्षाचे ११८ खासदार फुटले. त्यांची खासदारकी कशी राहिली?

प्रतिसाद १

मॅडम, मी नऊ वर्षं बेलफास्टला आहे. इथून बसने डब्लिनला निघालं की सीमा कधी ओलांडली ते कळतच नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरमध्ये होतात, तेवढीच खूण. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर आणि आयर्लंड संघातच, असं झाल्यावरही १९९८ च्या शांतता करारानंतरची ही मोकळी सीमा तशीच राहावी म्हणून मे यांच्या करारात 'बॅकस्टॉप' होता: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळं ब्रिटन युरोपच्या जकात व्यवस्थेत, पण उत्तर आयर्लंडला मालाबाबत युरोपचे आणखी काही नियम लागू. डीयूपीचं सारं राजकारण 'आम्ही ब्रिटनचेच' यावर उभं आहे. आपल्याला वेगळे नियम म्हणजे ब्रिटनपासून तोडण्याची सुरुवात, असं त्यांना वाटलं. त्यावर ते पैशाने हलणारे नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्येच अर्थविधेयकाच्या मतदानात तटस्थ राहून त्यांनी इशारा दिला होता.

पण सरकार पाडून पंतप्रधान कोण? मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन. आयरिश एकीकरणाचे, म्हणजे उत्तर आयर्लंड आयर्लंडला जोडण्याचे, जुने समर्थक. म्हणजे त्यांना करार नको होता, सरकार हवं होतं. त्या मुलीला एवढंच सांगा. समझोत्यात विश्वासमत, अर्थसंकल्प आणि ब्रेक्झिटचे कायदे या सगळ्याला पाठिंबा लिहिलेला होता. १५ तारखेला आलेला मात्र ठराव होता, विधेयक नव्हे. पण तो मुद्दा नंतर सांगा, नाहीतर मुलं पळवाटच लक्षात ठेवतील.

प्रतिसाद २

दुसऱ्या शंकेचं: तिकडे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप मोडला तर पक्ष फार तर संसदीय गटातून काढतो, जागा जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी २१ जणांना असं काढलं, तरी ते खासदार राहिलेच. आपल्या राज्यघटनेतल्या दहाव्या परिशिष्टाशेजारी (पक्षांतरबंदी) हे ठेवून शिकवा, मुलांना पटकन समजेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. 'करार नको, सरकार हवं' हे उद्या फळ्यावर सगळ्यात वर लिहिणार. पाट्यांची गोष्ट सांगितली तर चालेल ना?

आता एकच राहिलं. १ एप्रिल २०१९ ला ब्रेक्झिटनंतरही युरोपशी जकात संघात राहण्याचा पर्याय संसदेत २७३ विरुद्ध २७६ ने पडला, अवघ्या तीन मतांनी. त्या दिवशी कोणत्या पक्षाचे किती जण तटस्थ राहिले याची पक्षवार यादी कोणाकडे असेल तर कृपया इथे द्या. गुरुवारी तास आहे.