ब्रायन लिट्रेलच्या आवाजाला नक्की काय झालंय?

स्वरवेडी

शाळेत असताना बॅकस्ट्रीट बॉइज या पाच जणांच्या अमेरिकन पॉप बँडची 'मिलेनियम' कॅसेट माझ्याकडे होती. पाचांत माझा एकच, ब्रायन. 'आय वॉन्ट इट दॅट वे' त्याच्याच आवाजात सुरू होतं, आणि ती पहिली ओळ कानावर पडली की आजही हातातलं काम थांबतं.

लास वेगसच्या स्फिअर या सभागृहामध्ये २०२५ च्या जुलैपासून त्यांचे कार्यक्रम झाले, त्यातले काही व्हिडिओ परवा पाहिले. ओळ तीच, माणूस तोच. पण आवाज कुणीतरी दाबून धरल्यासारखा, शब्द सुरू होतानाच अडकणारा. खाली लोकांनी लिहिलंय, "रियाज सोडला", "वय झालं". त्याचा जन्म १९७५ चा. एवढ्या वयात गाणाऱ्याचा गळा जातो का? हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा हा परिणाम आहे का? नीट माहिती असलेल्या कुणीतरी सांगा, मला खरंच चैन पडत नाहीये.

जुनी टेप

ऑपरेशन १९९८ चं आणि 'मिलेनियम' आली १९९९ मध्ये. त्या अल्बममधला त्याचा आवाज आठवा. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ११ लाखांवर प्रती खपल्या होत्या. म्हणजे हृदयाचा यात संबंध नसावा. घशाचं काहीतरी वेगळं दुखणं आहे एवढं वाचलंय, नाव लक्षात नाही.

मंद्रसप्तक

उत्तर लांब होईल, कारण हे दुखणं मी स्वतः काढलंय.

नाव आहे मसल टेन्शन डिस्फोनिया, जोडीला डिस्टोनिया. २०१५ साली बँडवर माहितीपट आला, त्यात तो यावर उघडपणे बोलला आहे. यात स्वरतंतूंवर गाठ नसते, फोड नसतो. स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळून बसतात, आणि डिस्टोनियात तर मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूमच चुकतो. मी शिक्षिका आहे आणि एका गायनवृंदात गाते. माझ्या घशात दुर्बीण घालून डॉक्टर म्हणाले, "तंतू अगदी स्वच्छ आहेत." ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. स्वच्छ आहेत, तर वर्गात "बसा" म्हणताना 'ब' का निघत नाही?

आवाज अडला की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की स्नायू आणखी आवळतात. जितका कष्टाळू गाणारा, तितका तो यात खोल रुततो. म्हणून "रियाज सोडला" हे वाचून मला राग आला. चुकीच्या जोराने केलेला रियाज हे दुखणं वाढवतो. स्पीच थेरपिस्टने मला पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढत हुंकारायला लावलं, दिवसातून पाच वेळा, अकरा महिने. बोलण्यापुरता आवाज परत आला. वरचा सा लागतो. त्यापुढचा रिषभ आजही कधी लागतो, कधी नाही, आणि का लागला नाही ते मला सांगता येत नाही.

ब्रायन हेच हजारो लोकांसमोर करतो, आणि तेही नेमक्या त्या ओळीवर, जिच्यासाठी लोक तिकीट काढून आलेले असतात.

हृदयाचं म्हणाल तर जुनी टेप बरोबर सांगतायत, पण ती गोष्ट थोडी अधिक सांगायला हवी. त्याच्या हृदयात जन्मतःच छिद्र होतं. पाच वर्षांचा असताना रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यातून तो वाचला, केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये चर्चमध्ये गात मोठा झाला. एप्रिल १९९३ मध्ये बँडमधल्या केव्हिनचा, म्हणजे त्याच्या नात्यातल्या भावाचा, फोन आला आणि हा दुसऱ्याच दिवशी ऑर्लँडोला. महिन्याभरात, ८ मे १९९३ ला, सीवर्ल्डमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम. बरोबर पाच वर्षांनी, ८ मे १९९८ ला, त्याची छाती उघडली. दौऱ्यांच्या तारखांसाठी हे ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं होतं! दोन महिन्यांत तो परत दौऱ्यावर. स्टेजच्या कडेला ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवलेले असत.

त्याच वर्षी व्यवस्थापक लू पर्लमनवर पहिला दावा ठोकला तोही ब्रायननेच, बाकीचे नंतर आले. पोरांना १९९३ ते १९९७ मध्ये मिळून सुमारे ३ लाख डॉलर आणि पर्लमन आणि त्याच्या कंपनीला १ कोटी, असं त्या दाव्यात म्हटलं होतं. (पुढे पर्लमनला गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल २००८ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये तो तुरुंगवासातच वारला.) तेविशीतला मुलगा, छातीवरचे टाके ताजे, आणि ज्याने बँड उभा केला त्याच माणसाला हिशेब विचारतोय. मला हा ब्रायन त्या पहिल्या ओळीइतकाच आवडतो.

काठावरचा

ताई, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण गाता येत नसेल तर थांबावं, हे मला प्रामाणिकपणे वाटतं. केव्हिन २००६ मध्ये बाहेर पडलाच होता की, बँड चालला. बाकीच्यांनी किती सांभाळायचं?

मंद्रसप्तक

हा प्रश्न त्यांच्यातही निघालाय. त्या माहितीपटात बँडमधलाच निक आणि ब्रायन यांचं कडाक्याचं भांडण आहे, याच आवाजावरून. बँडमध्ये आला तेव्हा निक १३ वर्षांचा होता. दोघे इतके जोडीने असत की त्यांना फ्रिक आणि फ्रॅक म्हणत. तो प्रसंग मी एका बैठकीत पाहू शकले नाही. आमच्या वृंदातही माझ्यासमोर कुणी काही बोलत नसे, आणि ती शांतता मला आजारापेक्षा जास्त टोचायची. शेवटी आमच्या बाईंनीच विचारलं, "तुला कुठल्या ओळी नकोत?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी दोन ओळी सोडल्या, बाकीच्या गाते.

आणि केव्हिन २०१२ मध्ये परत आला. २०१९ मध्ये पाचांचा 'डीएनए' अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर लागला. म्हणजे ज्याने थांबायला हवं होतं असं तुम्ही म्हणताय, तो त्या अल्बममध्ये आहे.

काठावरचा

भांडणाचं माहीत नव्हतं. माहितीपट पाहतो, मग बोलू.

स्वरवेडी

मंद्रसप्तक ताई, मनापासून आभार. काल रात्री तोच व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी हेडफोन घालून. पहिला शब्द सुरू होण्याआधी तो एक क्षण थांबतो आणि मान किंचित तिरपी करतो. आधी मला ती अदा वाटली होती. तुम्हीही असं काही करता का, 'ब' यायच्या आधी?

मंद्रसप्तक

हो. मी हनुवटी खाली घेते.