अनुभव धागा: गोष्टीतलं पात्र स्वतः बोलू लागतं तेव्हा

लहानपणीची गोष्ट नव्याने सांगणं वेगळं आणि तिच्यातल्या एका पात्राने रंगमंचावर उभं राहून बोलणं वेगळं. स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवात, स्पर्धेत असं एकपात्री केलं किंवा बसवलं असेल, तर इथे लिहा. संहितेतलं काय कापलं, तेही सांगा.

*

चौथीतल्या मुलाकडून कावळा करून घेतला. काऊचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं, हे पोरांना तोंडपाठ. म्हणून ते सांगायचंच नाही असं ठरवलं. पडदा उघडतो तेव्हा तो बंद दाराशी भिजत उभा. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ चिऊचं उत्तर प्रेक्षकांना त्याच्याच तोंडून कळतं: ‘बाळाला न्हाऊ घालतेस? घाल, घाल. मी आहे इथेच.’ मग तीट. मग काजळ. दर वेळी आवाज थोडा खाली. तालमीत तो सारखा प्रेक्षकांकडे बघून बोलायचा. शेवटी विंगेत एका मुलीला उभं केलं आणि म्हटलं, हिच्याशी बोल. त्यानंतर विराम आपोआप पडायला लागले.

*

मी भोपळ्यातली म्हातारी करते. आधीच्या संहितेत अर्धा वेळ जाताना भेटणाऱ्या प्राण्यांतच जायचा. दिग्दर्शिकेने ते सगळं काढलं. आता सुरुवातच परतीच्या वाटेवर, भोपळ्याच्या आत. वाघ दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ‘म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक’ हे ठसक्यात न म्हणता धाप दाबत म्हटलं की सभागृह चिडीचूप.

*

कॉलेजात सिंड्रेलाची सावत्र बहीण केली. काचेचा बूट फ्रेंच लेखक पेरोच्या गोष्टीतला, १६९७ चा. ग्रिम बंधूंच्या संग्रहात (पहिला खंड १८१२) तो सोन्याचा आहे, आणि पाय मावावा म्हणून आईच मुलीच्या हाती सुरी देते. मी तेवढाच क्षण घेतला: सुरी हातात, आई दारात, राजपुत्र बाहेर खोळंबलेला. वाचताना या मुलीचा राग यायचा. तालमीत तिची कीव यायला लागली. रक्त दाखवलं नाही. मोजा काढला, पायाकडे पाहिलं, ‘आई, दार लावून घे,’ म्हटलं आणि संपवलं. परीक्षकांना शेवट अर्धवट वाटला. मला आजही तोच बरोबर वाटतो.

*

कावळा बसवणाऱ्या ताई, विंगेतल्या मुलीची युक्ती आम्हीही वापरतो. फक्त तालमीत तिला मनाला येतील ती उत्तरं देऊ द्या. आमच्याकडची चिऊ एकदा ‘आले, आले’ म्हणाली आणि कावळा गांगरून गप्पच झाला. ती गप्प जागा आम्ही प्रयोगात तशीच ठेवली.