'ट्रेट व्हॅल्यू'ला मराठीत काय म्हणावं? (कापसाच्या थैलीवरून)

पऱ्हाटीवाला
मुक्काम वणी तालुका. आमच्या शेतकरी गटासाठी बियाणे कायद्यांवर चार पानांची पुस्तिका मराठीत करतोय. 'ट्रेट व्हॅल्यू'वर अडलो. बीटी म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेलं कापसाचं बी; त्याच्या थैलीच्या किमतीतून जनुकाच्या मालकाला जायचा तो हिस्सा. 2016 मध्ये सरकारनं 450 ग्रॅमच्या बीजी-2 (बीटीची दुसरी पिढी) थैलीला कमाल 800 रुपये दर ठरवला, त्यातले 49 याचे. मग ते 39 झाले, मग 20, आणि 2020 पासून शून्य. कोश पाहून मी 'स्वामित्वधन' लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे तं रेतीचं होय ना? सरकीले कायची रॉयल्टी?" आमच्याकडे रॉयल्टी म्हणजे रेती-मुरमाच्या ट्रॅक्टरची पावती, दुसरा अर्थच नाही. गावात कळेल असा शब्द हवा आहे.

कोशप्रेमी
'स्वामित्वधन' अचूक आहे, तोच ठेवा. रेतीवर सरकारचं स्वामित्व, जनुकावर शोधकाचं. दुसऱ्याची वस्तू वापरायची तर धन द्यायचं, दोन्हीकडे तत्त्व एकच. शब्द वापरला नाही तर तो कळणार कधी? तसंच पुस्तिकेत 'पेटंट' लिहू नका, 'एकस्व' लिहा. किती नेटका शब्द आहे, आणि आपण तो सरकारी कपाटात कुजवतोय.

धुऱ्यावरून
तत्त्व एक नाही, दादा. रेती उपसली की संपली. सरकी पेरली की पुन्हा सरकी येते, सगळा झगडा तिथूनच सुरू होतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात कलम 39 आहे. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी राखावं, पेरावं, द्यावं-घ्यावं, विकावंसुद्धा. फक्त कंपनीच्या छापाखाली विकू नये. रेतीत असा हक्क कोणाला आहे? पण एक खंत आहे. आपल्याकडची बीटी जवळपास सगळी संकरित. घरची सरकी पुढच्या साली टोबली तर पीक एकसारखं येत नाही. कायद्यानं दिलं ते संकरानं काढून घेतलं, आणि कास्तकार दर जूनला दुकानात उभा.

विहिणबाई
ज्या शब्दाच्या शोधात आहात तो आपल्या म्हणीतच बसलाय. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कायद्यातलं 'व्हरायटी' म्हणजे वाण आणि 'ट्रेट' म्हणजे गुण. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(जे) प्रमाणे वाणाचं पेटंट होत नाही. बीटी जनुकाची मालक मोन्सॅंटो कंपनी म्हणायची, आम्ही वाणाचं नाही, गुणाचं घेतलंय. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये ते पेटंट नामंजूर केलं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, आणि 2021 मध्ये दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं. गुण वाणापासून वेगळा काढता येतो का, याचं उत्तर राहूनच गेलं. तुम्ही सरळ 'गुणाचे पैसे' लिहा. बाबांना लगेच कळेल.

पऱ्हाटीवाला
विहिणबाई, वाचून अंगावर काटा आला. ही म्हण लहानपणापासून ऐकतोय, पण इकडे कधी लावली नव्हती.

कोशप्रेमी
म्हणीतला वाण म्हणजे बैलाचा रंग. वर्ण, वण्ण, वाण. त्याचा बियाण्याशी संबंध नाही.

तुरीचं शेत
माझ्या मते वाण हा वाण्याकडून आला. जे घरी राखलं ते बी, जे वाण्याकडून आणलं ते वाण. वाणसामान म्हणतोच ना आपण? आमचे आजोबा घरच्या ज्वारीला कधीच वाण म्हणाले नाहीत.

विहिणबाई
वाणी वणिजवरून, वाणिज्य त्याच घरचं. वाण वर्णावरूनच. पण रंगावरून जात, जातीवरून बियाण्याची जात, हा प्रवास सरळ आहे. कोशप्रेमींनी व्युत्पत्ती बरोबर दिली आणि निष्कर्ष मात्र सोडून दिला.

धुऱ्यावरून
तुरीचं शेत यांची व्युत्पत्ती चूक असेल, पण आजोबांचं निरीक्षण खरं आहे. बियाण्याची मालकी आपल्याकडे आली तीच वाणिज्याच्या वाटेनं. 1995 ला जागतिक व्यापार संघटना झाली, तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. कलम 27.3(ब) म्हणतं, वाणांना पेटंट द्या, नाहीतर स्वतःची परिणामकारक व्यवस्था उभारा. 2001 चा कायदा म्हणजे ती व्यवस्था. भारत अजून यूपॉव्हमध्ये, म्हणजे नव्या वाणांच्या मालकीहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, गेलेला नाही. 1991 च्या यूपॉव्ह करारात शेतकऱ्याचं बी राखणं हा हक्क राहत नाही, देशानं दिली तर सवलत. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींत श्रीमंत देश हीच अट पुढे करतात. माल विकायचा तर आमचे बियाणे-नियम घ्या. म्हणून पुस्तिकेत 'हक्क' हा शब्द जपून ठेवा, त्याच्या जागी 'सवलत' येऊ देऊ नका.

अकोटकर
राजेहो, शब्दाचंच चाललं तं 'चोरबीटी'चं बोला. तणनाशक सहन करणारं बी, त्याले मंजुरी नाही, म्हणून चोर. पण लोकाइच्या तोंडी चोर कोण, बी का कास्तकार? 2019 च्या जूनमधी आमच्याच तालुक्यात शेतकरी संघटनेनं ते सर्वांसमोर पेरलं. निंदाले बाया भेटत नाहीत, मजुरी परवडत नाही. उघडपणे पेरलं त्याले चोर काहून म्हणता?

धुऱ्यावरून
भाऊ, मजुरीचं पटतं. पण पावती नाही, तक्रारीला जागा नाही. मागच्या हंगामात शेजाऱ्याच्या तीन एकरांत उगवण झाली नाही, तो कुठं जाणार? 'चोर' हे त्या विक्रीचं नाव आहे, ते राहू द्या.

अकोटकर
अन् 2025 च्या ऑगस्टमधी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी काढलं, त्याले काय नाव द्यान? बियाण्यात बाहेरच्याची मालकी जपाची, अन् भावात आमाले मोकळं सोडाचं.

नागभीडची
मालकीचं निघालं म्हणून सांगते. आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, वर्षानुवर्षं निवडून वाण तयार केला. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मानाचं, तेच नाव धानाला पडलं. बी त्यांनी मागेल त्याला दिलं. आज तो तांदूळ कुठे कुठे शिजतो, पण त्यांना गुणाचे पैसे कधी मिळाले नाहीत. पुरस्कार मिळाले, 2018 मध्ये गेले. म्हणून 'गुणाचे पैसे' हा शब्द मला आवडला, आणि टोचलाही.

कोशप्रेमी
हे वाचून थांबलो. तरी सरकारी कागदात 'गुणाचे पैसे' चालणार नाही. 'गुणशुल्क' करा, निदान समास तरी होईल.

पऱ्हाटीवाला
शुल्क म्हटलं की गावात शाळेची फी आठवते. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. तूर्त 'गुणाचे पैसे' लिहून कंसात रॉयल्टी ठेवतोय. आणि संक्रांतीचं वाण, ते कुठलं?

विहिणबाई
ते वेगळं, वायन या शब्दावरून. पण आमच्या सासूबाई हळदीकुंकवाला वाण म्हणून पुडीत वालाचं, दोडक्याचं बी बांधून द्यायच्या. त्यांच्या लेखी दोन वाण नव्हतेच.

तुरीचं शेत
मग माझं वाणसामानही एकदा तपासा ना. दाते-कर्वेंचा शब्दकोश कोणाकडे आहे का?