मदत हवी आहे : घरी शिकणाऱ्या दोन मुलांना मुंबईचं पाणी दाखवायचंय, ‘शाळेचं पत्र’ कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मुलांना घरी शिकवावं की शाळेत घालावं यावर हा धागा नाही. त्यावर इथे पानंच्या पानं भरली आहेत आणि आमच्याकडे तर दर रविवारी जेवताना भरतात.

आम्ही मुलुंडला राहतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, दोन वर्षांपासून घरीच शिकतात. गेल्या उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली तेव्हा लेकीने विचारलं, “धरणात पाणी कमी झालं म्हणतात, पण आपलं धरण कुठलं?” मी म्हटलं तानसा. सासूबाई म्हणाल्या भातसा. नवरा म्हणाला वैतरणा. शोधल्यावर कळलं की तिघांचंही बरोबर आहे. मुंबईला सात ठिकाणांहून पाणी येतं. त्यातले तुळशी आणि विहार तेवढे शहराच्या हद्दीत, बाकीची पाच धरणं पार ठाणे-पालघर-नाशिककडे. रोजचं पाणी सुमारे ३८५ कोटी लिटर. धाकट्याने ते आकड्यात लिहायला घेतलं आणि शून्यं मोजता मोजता अर्धा तास गेला. गणिताचा तास आपोआप झाला.

तेव्हा ठरवलं, यंदा उगाच दहा ठिकाणी भटकायचं नाही, पाण्याच्या मागे जायचं. आतापर्यंत झालेलं सांगते, म्हणजे तेच तेच सुचवण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

कान्हेरी. लेणी बघायला सगळेच जातात, आम्ही पाण्याच्या टाक्या मोजायला गेलो. शंभराहून जास्त लेणी आणि जवळपास प्रत्येकीजवळ खडकात खोदलेलं टाकं. वरच्या कातळावर पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी त्यातून टाक्यात उतरतं. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. तेव्हापासून घरात पिंपाचं नाव पोढी पडलंय. (जाणाऱ्यांसाठी : लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि ते सोमवारी बंद असतं, आम्ही एकदा दारातून परत आलोय. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही.)

मलबार हिल. हँगिंग गार्डनमध्ये लहानपणी मीही गेले होते, पण त्या हिरवळीखाली पाण्याचा भलामोठा जलाशय आहे हे मला चाळिशीत कळलं. धाकटा हिरवळीवर पालथा पडून कान लावून बसला. काही ऐकू आलं नाही. समोरच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटापेक्षा त्याला हेच जास्त आवडलं.

धोबी तलाव, सी. पी. टँक, दो टाकी, गोवालिया टँक. नावं तलावांची, पाणी कुठेच नाही, सगळे बुजवलेले. दिवसभर नुसत्या पाट्या वाचत फिरलो. शेवटी बाणगंगेला गेलो तेव्हा एकदाचा खराखुरा तलाव दिसला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि झऱ्याचं पाणी गोडं कसं, हा प्रश्न मुलीने वहीत लिहून ठेवलाय.

शिवडी. इथे फजिती झाली. रोहित (फ्लेमिंगो) बघायला म्हणून पहाटे उठून, डबे भरून, दोन लोकल बदलून गेलो तर पाणी धक्क्यापर्यंत आलेलं. चिखल नाही, पक्षी नाहीत, डोक्यावर अटल सेतू तेवढा. तिथे जाळं विणत बसलेले काका हसून म्हणाले, “भरतीला आलात होय?” पोळीभाजी खाऊन परतलो.

आता अडचण. जिथे आत जाऊन यंत्रणा बघायची असते तिथे आम्ही दारातच अडतो. एका सरकारी केंद्रात मुलांसाठी प्रात्यक्षिकं असतात म्हणून फोन केला. उत्तर मिळालं की शाळेच्या लेटरहेडवर पत्र हवं, मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा आणि किमान तीस मुलं हवीत. मी म्हटलं, माझी दोनच आहेत. पलीकडून अगदी शांतपणे, “मग मॅडम, उरलेली अठ्ठावीस?”

तर विचारायचंय ते असं. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र कुटुंबाला बघायला मिळतं का? पत्राचं काय करायचं? आणि शिवडीला नेमकं कधी जायचं?

– मुलुंडकरीण

—

खाडीकाठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सासूबाईंकडे असेल. त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येते का विचारा.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणकी पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तिचं हे कोष्टक. आमच्या आजोबांनी घड्याळ कधी वापरलं नाही, कालनिर्णय मात्र भिंतीवर असायचं.

हा हिशेब ढोबळ आहे. हाजीअलीच्या खडकांवर खेकडे-शंख बघायला उतरणार असाल तर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघाच आणि पाणी वळायच्या आत परत फिरा, मुलं बरोबर आहेत. रोहित बघायला ऐरोलीच्या खाडी केंद्रातून बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात. तिथे पत्र मागत नाहीत, आधी बुकिंग करावं लागतं.

—

सरळमार्गी

धागा त्यावर नाही म्हणालात तरी विचारतो. चार भिंतींत वाढलेली मुलं चारचौघांत मिसळणार कशी?

—

मुलुंडकरीण

@सरळमार्गी, वरची यादी वाचलीत का? चार भिंती कुठे दिसल्या त्यात? दुसरा धागा काढा, तिथे भांडायला येते.

@खाडीकाठ, सासूबाईंना पाऊणकी सबंध पाठ आहे! चाळीस वर्षांत कुणी विचारली नव्हती म्हणाल्या. काल संध्याकाळी नातवाला समोर बसवून म्हणून घेतली. तो पळ काढेल असं वाटलं होतं, पण भरतीची वेळ निघते म्हटल्यावर बसला.

—

दोन_पोरांची_आई

पत्राचं आम्ही पुण्यात असं जमवलं. पाच घरांची मोट बांधली आणि आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाकडून पत्र घेतलं. लेटरहेड, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं असतं त्यांच्याकडे. ‘शाळा’ या शब्दावर अडून बसणारे ‘संस्था’ म्हटलं की बरेचदा ऐकतात. तीसची अट मात्र सगळीकडे सुटली नाही, तिथे चुलत-मावस भावंडं सुट्टीत गोळा करून नेली. मुलांचे गट वयाप्रमाणे करू नका एवढं सांगेन, सगळ्यांत जास्त प्रश्न आमच्याकडे सहा वर्षांची विचारते.

जरा विषयाबाहेरचं : नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, ते सगळ्यांना खुलं असतं. गर्दी मरणाची, सकाळी लवकर पोचा.

—

जुना_नळ

ताई, महापालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. भांडुपचा नाद सोडा. सुरक्षेमुळे परवानगी जवळजवळ मिळत नाही आणि मिळाली तरी मुलांना हौद आणि पाइपच दिसतील. तुम्ही मुलुंडला राहता, मोठ्या जलवाहिन्या तुमच्या उशाशीच आहेत. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं आणि ते पाणी उतारानेच मुंबईकडे येतं, पंप न लावता. घरी वाटी, नळी आणि स्टूल घेऊन करून दाखवा. सवड काढून आटगाव स्टेशनवरून तानसाला जाऊन या, धरण बाहेरून दिसतं.

दुसरं, विहारचं पाणी ओसंडलं की कुठे जातं ते मुलांना विचारा. विहार आणि पवईचं ओसंडलेलं पाणी म्हणजेच मिठी नदी. ती माहीमच्या खाडीला जिथे मिळते तिथे, धारावीला लागून, निसर्ग उद्यान आहे. पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हीच मिठी घराघरात शिरली होती. मी त्या रात्री ड्युटीवर होतो. पाण्यातून चालत घरी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या विभागाच्या चावीवाल्याला भेटा. अख्ख्या मुंबईत गल्लोगल्ली पाणी सोडायचे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह असेच चावीवाले ठरल्या वेळी हाताने उघडतात. पत्र लागत नाही, शिक्का लागत नाही. पाणी यायच्या वेळेच्या आधी रस्त्यावर उभं राहायचं. चहा विचारा.

—

मुलुंडकरीण

@जुना_नळ, काय सुचवलंत काका! आज पहाटे साडेचारला दोघं न उठवता उठली. चावीवाले दादा सायकलवरून आले, खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचललं, चावी आत सोडली आणि फिरवायला लागले. एकदम का नाही उघडत, असं मुलीने विचारलं, तर म्हणाले, “एकदम उघडलं तर पाणी आत आपटतं, जुना पाइप फुटतो.” मग म्हणाले, कान लाव. आधी फुसफुस हवा आणि मग घरघर. धाकट्याला मलबार हिलला न ऐकू आलेलं इथे ऐकू आलं. चहा घेतला नाही, म्हणाले अजून नऊ गल्ल्या आहेत.

येत्या अष्टमीला शिवडी, बारा वाजता. येणाऱ्यांनी इथे लिहा. आतापर्यंत दोन घरं झालीत. वाचनालयाकडे उद्या जाते पत्रासाठी.

जुना_नळ काका, मुलीचा एक प्रश्न राहिलाय, तो तसाच टाइप करते : आमच्या गल्लीची चावी सव्वीस फेरे फिरली आणि पुढच्या गल्लीची एकोणतीस. दोन्ही झाकणं सारखीच दिसत होती. मग तीन फेरे जास्त कशाला?